आसरांचा होकार

बडोद्यात शिलेदारांच्या आळीमागे एक तळं होतं. पाण्यात साती आसरा या जलदेवता राहत आणि काठावर येसूबाईंचा हुकूम चाले. नवरा सरकारी पागेत होता तोवर त्यांना कोणी विचारत नव्हतं. तो गेला आणि त्या आसरांचा कौल घेऊ लागल्या. दर मंगळवारी बायका दहीभात, फुलं, पानं घेऊन येत. येसूबाई नैवेद्य पाण्यात सोडत, लांब वेळूनं तळ ढोसत आणि प्रश्न विचारत. बुडबुडे आले की होकार. एरवी विधवेला शुभकार्यात कोण पुढे घेतं? पण येसूबाईंना विचारल्याशिवाय आळीत मांडव पडत नसे.

मग आळीच्या टोकाला भास्करराव बिऱ्हाड करून राहिले. शाळेत शास्त्र शिकवायचे. नोकरी अजून कायम नव्हती.

"काकू, तळाशी पालापाचोळा कुजतो," ते म्हणाले. "त्यातून वायू सुटतो. काडी लावली तर पेटेलसुद्धा."

"आणि कुजवतं कोण?"

"कोणी नाही. आपोआप."

"आमच्या घरात आपोआप नुसती धूळ साठते, मास्तर."

भास्कररावांना हे झोंबलं. पौषातल्या एका सकाळी त्यांनी विद्याखात्याच्या अधिकाऱ्यांनाच तळ्यावर आणलं. अडाणी समजूत लोकांसमोर खोडून काढायची, साहेबांची मर्जी मिळवायची, असा दुहेरी बेत. सगळी आळी जमली. गेलो नाही तर घाबरलो असं होईल, म्हणून येसूबाईही गेल्या.

मास्तर धोतर खोचून गार पाण्यात उतरले. पाण्यानं भरलेली बाटली उपडी धरली, तिच्या तोंडाशी नरसाळं लावलं आणि पायऱ्यांपाशी काठीनं ढवळू लागले. काही नाही. पुन्हा ढवळलं. एक बेडूक तेवढा निघाला.

"मास्तर, वायूची आज रजा काय?" पेन्शनीतले सुभानराव ओरडले. लोक खदखदले. साहेबांनी घड्याळ काढलं.

येसूबाईंना आतून गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात मागून गंगाबाई पुटपुटली, "म्हणजे आसरा गेल्याच म्हणायच्या. आता मंगळवारी तरी कशाला यायचं बाई?"

येसूबाईंचं हसू मावळलं. तळं आज मुकं राहिलं तर मास्तरांआधी त्यांचाच कारभार आटोपणार होता.

"अहो मास्तर, तिथं काय ढोसताय? तिथं फरशी आहे! इकडे वडाखाली या. आणि आधी हात जोडा."

भास्कररावांनी साहेबांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि दोन्ही हात कपाळाशी नेऊन पगडी सावरली. बायकांना नमस्कार दिसला, साहेबांना पगडी.

वडाखाली काठी रुतली मात्र, बुडबुड्यांचा लोंढा उठला. बाटली वायूनं भरली. मास्तरांनी तोंडावर अंगठा दाबून ती वर काढली, आगकाडी लावली. भप्प! निळसर जाळ.

"बहु सरस!" साहेब म्हणाले.

"आसरांनी जाळ दाखवला गं!" बायकांनी हात जोडले.

महिन्याभरात भास्करराव कायम झाले. पहिल्याच मंगळवारी त्यांची बायको कुसुमावती दहीभाताचं ताट घेऊन तळ्यावर हजर. मागोमाग भास्करराव.

"अगं, तो वायू होता!"

"असेल. पण काकूंनी जागा दाखवली नसती तर तुम्ही कायम झाला असता का?"

भास्कररावांनी पुन्हा पगडी सावरली.

खरं तर मास्तरांचं म्हणणं आळीत एकट्या येसूबाईंनाच पटलं होतं. इतकी वर्षं वडाखाली सोडलेला आपलाच दहीभात कुजत होता आणि तोच आपल्याला होकार देत होता, हे त्या जाळात त्यांना लख्ख दिसलं होतं. पण ते बोलून पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन बसायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी ताट हातात घेतलं, जोखलं.

"पुढच्या खेपेला भात जास्त आण हो. थंडीत आसरा सावकाश बोलतात."

भास्कररावांनी चटकन मान डोलावली. हे अगदी शास्त्राला धरून होतं.