कानवाले मामा

आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत कुणाचा फ्रीज बिघडला की कानवाले मामा यायचे, आणि पहिलं काम म्हणजे सगळ्या घराला गप्प करायचे. टीव्ही बंद, पंखा बंद, मिक्सर बंद. मग फ्रीजला कान लावून, डोळे मिटून उभे राहायचे. आमची ठाम समजूत, की ही साधना आहे. माझ्या सासूबाईंनी तर एकदा मागून नमस्कारसुद्धा केला होता.

मामा मूळचे मालवणकडचे. जोगेश्वरीत एकटेच राहायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर. मीटरच्या दोन वायरींची टोकं पार्टला लावायची. आत सगळं धड असेल तर मीटर 'पीं' करतो, तुटलेलं असेल तर गप्प. जिथे आकडा वाचायची वेळ येई तिथे मला हाक. "वाच गो, चष्मो घराक रवलो." हा चष्मा कायम घरीच राहायचा. विसराळू आहेत बिचारे, असं म्हणून मी आकडा वाचायचे. माझ्या हुशारीला काय म्हणावं!

"पार्ट काय, दुकानदार पण बदलता," हे त्यांचं आवडतं वाक्य. "ती खरेदी झाली, दुरुस्ती नाय." शेजारच्या कांबळेताईंच्या फ्रीजचा बोर्ड गेलाय, असं एक टायवाला इंजिनिअर उभ्या उभ्या सांगून गेला होता. मामांनी कान लावला, आणि दोष निघाला दाराच्या स्विचमध्ये. तेव्हापासून कांबळेताई त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त मानायच्या. डॉक्टर निदान ऐकून तरी कुठे घेतात, म्हणायच्या.

मुलगा गावी बोलवायचा, पण मामा दाद द्यायचे नाहीत. "काम आसा तोपर्यंत मी मुंबयत. काम सुटला की तो माका अंगणात खुर्चयेर बसवतलो. मगे नुसता बसान रवायचा." एरवी बडबडा माणूस, पण हे सांगून झालं की मान खाली घालून कामाला लागायचे.

गेल्या वर्षी ह्यांनी आपोआप बर्फ पाडणारा डबल डोअरचा फ्रीज आणला. आमच्या घरात बर्फ लागतो तो कुणाचं डोकं आपटलं तरच. पण हौसेला मोल नसतं. चार महिने बर्फ पडला, मग बंद. अर्थात मामांना बोलावलं.

त्यांनी प्लग काढला, मला बर्फाचा खण बाहेर काढायला लावला आणि त्याच्या वरचं बर्फाचं मशीन सोडवून डायनिंग टेबलावर मांडलं. मोटर, थर्मोस्टॅट, मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह, एकेक तपासलं. मीटर पीं करत होता, मी आकडे वाचत होते. मशीनला तारेचा एक दांडा होता. तो बोटाने उचलून मामा म्हणाले, "खण भरलो की बर्फ ह्या दांड्याक वर ढकलता. दांडो वर गेलो, की मशीन गप. खाली इलो, की परत सुरू." तोही बरोबर होता. सगळंच बरोबर होतं. मशीन परत बसवलं, मी ओट्यावरचा खण जसाच्या तसा आत सरकवला, प्लग लावला, टेस्टचं बटण दाबलं. मशीन ढिम्म.

पुन्हा काढलं, पुन्हा तपासलं, पुन्हा बसवलं. दोन तास गेले. मामांचा शर्ट घामाने चिकटला. "सगळा बरोबर आसा गो. मगे ह्याका झाला काय?" मी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि मला दिसलं. त्या खणात मीच बांगडा मासळीच्या दोन पिशव्या कोंबल्या होत्या. एवढा ऐसपैस खण नुसत्या बर्फासाठी कोण सोडतं? तो दांडा पिशव्यांवर टेकून वर उभा होता. मशीनच्या हिशेबी खण काठोकाठ भरलेला!

मामांचं नाक त्या पिशव्यांपासून वीतभर लांब होतं. ते थेट तिकडेच बघत होते, आणि मला विचारत होते, झालंय काय.

कायम घरी राहणारा चष्मा, ते मिटलेले डोळे. साधना कसली डोंबलाची! माणसाला दिसतच नव्हतं. आणि हे कॉलनीत फुटलं, तर विजेच्या वस्तूला त्यांना हात कोण लावू देणार? म्हणजे काम गेलं. म्हणजे अंगणातली खुर्ची.

"मामा, प्लग जरा सैल वाटतोय हो, बघा ना," मी म्हटलं. ते भिंत चाचपत वळले, तशा मी पिशव्या उचलून सिंकमध्ये ठेवल्या. दांडा खाली आला. "आता दाबा!" मशीन गुरगुरलं, फिरलं, मागे व्हॉल्व्ह घूं करून उघडला, पाणी पडलं. "झकास, मामा! प्लगच होता बघा!" मी टाळीसुद्धा वाजवली. इतका वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगलाही केला नव्हता.

मामा हसले नाहीत. "सिंकात काय ठेवलंस?"

"कुठे काय?"

"ठक् करून वाजला. दोनदा."

"बांगडे," मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. "मी मालवणी माणूस. बर्फाच्या खणात बांगडे, ह्या माका सुचूक होया होता." मग हळूच म्हणाले, "उजेड कळता. समोर कोणतरी आसा, इतक्या कळता. त्याच्या फुडे नाय."

"मी कुणाला सांगणार नाही, मामा. देवाशपथ. आपण दोघं मिळून करू ना कामं."

"इतकी वर्षां काम केलंय गो. पण माझ्या पाठसून माझा काम कोणी दुरुस्त केला नव्हता."

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मला त्यांचं काम वाचवायचं होतं, आणि मीच ते संपवलं. मला रडू फुटलं, तर उलट तेच म्हणाले, "रडतंस कित्याक? फ्रीज चालता मा?"

पिशवी आवरून ते दारात थांबले. "आज माका खालपर्यंत सोड." आजवर ते कठडा धरून एकटेच उतरायचे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भर दुपारी, सगळ्या बिल्डिंगच्या देखत. कांबळेताई दार उघडून बघतच राहिल्या. आम्ही एकेक पायरी उतरलो. गेटवर वॉचमनने नेहमीसारखं विचारलं, "काय मामा, झालं काम?"

"झाला," मामा म्हणाले. "पण ह्या बायेन केला. माका दिसत नाय."