कानबाईच्या सोमवारी शाळा तपासणी

दुसरीच्या वर्गात रोहित पाटीलचं नाव पुकारलं. एक मुलगा ताडकन उभा राहिला आणि त्याने अख्खा उतारा एका दमात वाचून टाकला. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. मी टॅबवर पूर्ण मार्क टाकणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हा मुलगा हसला नव्हता.

त्या उताऱ्यात एक आत्या आहे. ती घरभर चष्मा शोधते आणि शेवटी कळतं की ती चष्म्यावरच बसली आहे. मी सुरतमधल्या मराठी शाळांत हा उतारा इतक्यांदा वाचून घेतलाय की आत्या कधी बसते ते मला झोपेतही सांगता येईल. तिथे मुलं हसतातच. इथे मात्र मागच्या बाकावरच्या दोन मुली तेवढ्या खुदकन हसल्या. बाकी वर्ग चिडीचूप.

"आत्या कशावर बसली?" मी विचारलं.

तो मुलगा बाईंकडे बघू लागला. बाई खिडकीकडे बघू लागल्या.

मी हिंदीत विचारलं, "बेटा, नाम क्या है तुम्हारा?"

"रोहित पाटील," तो म्हणाला, आणि मग बिचाऱ्याला खोटं बोलणं जड गेलं असावं. "नहीं मैडम, विकास. हम तो ऊपरवाले स्कूल के हैं."

हा प्रकार समजण्यासाठी आमच्या शहरातल्या शाळा कशा असतात ते सांगायला हवं. एकाच इमारतीत खाली मराठी, वर हिंदी, दुपारी गुजराती, असा संसार चालतो. गणवेश सगळ्यांचा एकच. लिपी मराठी-हिंदीची एकच, त्यामुळे हिंदी शाळेतलं हुशार पोर मराठी उतारा घडाघडा वाचतं. कळत मात्र काहीच नाही. डिंडोलीच्या या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, बोरसे सरांनी, खालचे बाक वरच्या मुलांनी भरले होते.

माझं काम स्कूल इव्हॅल्युएटरचं. म्हणजे शाळेत जायचं, मुलांना वाचायला लावायचं, गणितं घालायची, संडासाला पाणी आहे का बघायचं आणि सगळं अ‍ॅपमध्ये भरायचं. शेवटी अ‍ॅप शाळेला रंग देतं. हिरवा चांगला, पिवळा बरा, लाल वाईट. सगळ्या मुलांची परीक्षा घेत नाहीत. अ‍ॅप हजेरीपटातून काही नावं आपणच निवडतं, त्याला सॅम्पल म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही. फक्त शीत त्याच भांड्यातलं हवं.

या शाळेला आधी दोनदा लाल रंग आला होता. तिसऱ्यांदा लाल आला तर मराठी वर्ग बंद करून मुलं रेल्वेच्या गरनाळ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं ठरत होतं. गरनाळं म्हणजे रुळांखालचा बोगदा. त्यातून टेम्पो, रिक्षा आणि कापडाचे ताके लादलेल्या हातगाड्या एकमेकांना शिव्या घालत जातात. इथल्या बाया घरी बसून साड्यांना लेस लावतात, बापे बारा तास कापडाच्या लूमवर. पहिली-दुसरीच्या पोरांना तिकडे सोडायला जाणार कोण? मुलगे कसेबसे गेले असते. मुली घरी बसल्या असत्या. हे मला माहीत होतं, आणि बोरसे सरांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

मी त्यांना ऑफिसात बोलावलं. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड, साधा माणूस. कपाळावर गुलाल तसाच.

"सर, हे काय चालवलंय?"

"चुकलं, मॅडम."

"तुमची मुलं कुठे आहेत?"

"कानबाईला."

मी मूळची अमरावतीकडची, वाढले सुरतच्या पांडेसऱ्यात. आमच्याकडे कानबाई नाही. खानदेशातल्या लोकांत मात्र श्रावणातल्या एका रविवारी ती घरी बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला नटवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. डिंडोलीत खानदेश निम्म्याहून जास्त. त्या सोमवारी पोरं शाळेत येतील अशी अपेक्षा करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला ड्युटीवर बोलावण्यासारखं.

"काल संध्याकाळी मेसेज आला, उद्या तपासणी," बोरसे सर म्हणाले. "मी घरी पूजेलाच बसलेलो. हात जोडले होते ते तसेच राहिले, मॅडम. देवीला काय मागायचं तेच विसरलो. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. वर्ग जायला नकोत."

मला राग आला होता, तो उतरला नाही, पण निम्मा झाला. मी साहेबांना फोन लावला. नायकसाहेब गुजराती, कामाला वाघ, आणि कॉम्प्युटरवर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

"साहेब, आज इथे सण आहे. मुलं नाहीत. तारीख बदलून द्या."

"बेन, तारीख कॉम्प्युटरे काढी छे. आजे ज करवानुं."

"पण मुलंच नाहीत."

"नथी तो नथी लखी दो."

नाहीत असं लिहिलं की सॅम्पलमधल्या प्रत्येक नावासमोर शून्य. शून्य म्हणजे लाल. मी त्यांना विकासचाही प्रकार सांगितला, कारण तो लपवणं माझ्याच्याने झालं नसतं. साहेब म्हणाले की मुख्याध्यापकाला मेमो निघेल, तो वेगळा विषय. तपासणी शाळेची शिफ्ट सुटेपर्यंत उघडी राहील, तोवर काय करायचं ते करा.

शाळा सकाळची. दुपारी सुटली की अ‍ॅप बंद. आणि टॅब शाळेच्या आवाराबाहेर नेला तर तो एकही मार्क घेत नाही. कुठे उभे आहात ते त्याला वरून दिसतं. म्हणजे मी मिरवणुकीत जाऊन परीक्षा घेऊ शकत नव्हते.

"सर, आधी त्या पोरांना वर सोडून या. स्वतः जा आणि त्यांच्या हेडसरांची माफी मागा," मी म्हटलं. "आणि मग सांगा, मिरवणूक कुठून जाते?"

"मेन रोडने, तळ्याकडे."

"शाळेच्या गल्लीतून गेली तर?"

बोरसे सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे माझ्या पाया पडतात. त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडून ढोल, डीजे आणि बायकांचा कल्ला. सर ओरडत होते, "शाळेकडून घ्या! शाळेकडून! अगं, दर्शनाला नाही, परीक्षेला!"

आम्ही गेटवर उभे राहिलो. घड्याळ पुढे सरकत होतं. दुसरीच्या बाईंचं नाव वैशालीताई. सकाळी खिडकीबाहेर बघत होत्या त्याच. त्या आता माझी नजर चुकवून खडूची पेटी उगाच आवरत होत्या. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुमची मुलं खरंच वाचतात का?" त्यांनी मान वर केली. "वाचतात. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय," म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी थांबायचं ठरवलं.

शेवटी गल्लीच्या तोंडाला आवाज आला. पुढे फुगड्या घालणाऱ्या बाया, मागे डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, आणि मध्ये, इकडेतिकडे, सॅम्पल. नवे कपडे, गुलालाने माखलेली तोंडं, हातात खोबऱ्याचे तुकडे. अ‍ॅपमध्ये एक प्रश्न आहे, 'विद्यार्थी गणवेशात आहेत का?' मी 'नाही' लिहिलं.

देवी घेतलेल्यांत सगळ्यांत पुढे द्वारकाबाई होत्या. साठीच्या, काटक, डोक्यावर चौरंगासकट देवी. मी त्यांना विनंती केली, "आजी, जरा वेळ देवी ओट्यावर ठेवा, पोरांची परीक्षा घेते."

त्या ठसक्यात म्हणाल्या, "उचलनी म्हंजे पानीलगून खाले ठेवतस नई, माय. मी उभी ऱ्हास. तू लवकर कर." म्हणजे एकदा उचललेली देवी विसर्जनाच्या पाण्यापर्यंत खाली टेकवायची नाही.

मग जी परीक्षा झाली तशी मी नोकरीत कधी घेतली नाही. वर्गात बसायला वेळ नव्हता. व्हरांड्यातच एक बाक ओढला. नाव पुकारायचं, मूल गर्दीतून पुढे ढकललं जायचं, वाचायचं, परत गर्दीत. चारी बाजूंनी आया, आज्या, मावश्या. या शाळेत पालकसभा बोलावली तर शिपाई आणि दोन म्हातारे येतात. बायांना कामं असतात, बापांना झोप. आज मैदान भरलं होतं आणि कुणाला बोलवावंही लागलं नव्हतं.

खरा रोहित पाटील आला. तो विकाससारखा घडाघडा वाचणारा नव्हता. बोट ठेवून, एकेक शब्द उचलून वाचला. पण आत्या चष्म्यावर बसली तिथे आधी तो हसला, मग पोरं हसली, मग बाया हसल्या, आणि मला पुढचा प्रश्न विचारायला थांबावं लागलं.

त्याच्यानंतर भारती, द्वारकाबाईंची नात. ती वाचायला उभी राहिली तेव्हा गेटबाहेर डीजेवाल्याने पुन्हा सुरू केलं. द्वारकाबाई मान न हलवता गरजल्या, "वाजाडू नका रे! मन्ही नात वाची ऱ्हायनी!" डीजे असा बंद पडला की जणू वायर उपटली.

भारतीने वाचलं. मी विचारलं, "आत्या काय शोधत होती?" ती माझ्याकडे वळलीच नाही. आजीकडे वळली आणि सगळी गोष्ट अहिराणीत सांगू लागली. "आजी, फुई चष्मा धुंडी ऱ्हायनी, आन चष्मावरच बशेल शे!" डोक्यावरची देवी सांभाळत द्वारकाबाई इतक्या हसल्या की दोघींनी धावून चौरंगाला हात लावला.

आता अ‍ॅप विचारतं, 'मुलाला आशय समजला का?' भाषा कुठली ते विचारत नाही. एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत आजीला हसवणाऱ्या पोरीला आशय समजला नाही असं म्हणणारा इव्हॅल्युएटर अजून जन्मायचाय. मी पूर्ण मार्क दिले. वैशालीताईंकडे पाहिलं तर त्या पदराने डोळे पुसत होत्या. मुलांना आधी अहिराणीत गोष्ट सांगायची, मग पुस्तक उघडायचं, ही त्यांची पद्धत. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सकाळचं त्यांचं खिडकीकडे बघणं मी मनातून पुसून टाकलं.

पण गणिताने घात केला. चौथी-पाचवीची पोरं बेरीज, वजाबाकी, गुणाकार करत होती. भागाकार आला की आभाळाकडे बघत होती. एकालाही नीट जमेना. मी जे दिसलं ते भरलं. द्वारकाबाईंनी विचारलं, "हाई काय शे? पोरे गप का?"

"आजी, भागाकार येत नाही त्यांना."

"काबर येत नई?"

मी बोरसे सरांकडे बोट दाखवलं. सर कानबाईला हात जोडून उभे राहिले.

शेवटचं नाव भरून झालं आणि मी सबमिट दाबलं तेव्हा घंटा वाजायला आली होती. द्वारकाबाईंची मान अवघडली असणार, पण त्या तशाच वळल्या. "रोट फक्त भाऊबंदले देतस, तुले देता येत नई," कानबाईच्या प्रसादाबद्दल त्यांनी मला आधीच स्पष्ट केलं. "पन घरी ये. चहा पाजसू." आणि मिरवणूक तळ्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी नायकसाहेबांनी बोलावलं. 'पालकांचा सहभाग' या रकान्यात मी सगळ्यात वरचा आकडा भरला होता, पुराव्यासाठी फोटो जोडला होता. साहेबांनी तो मोठा करून पाहिला.

"आ बधा कोण छे?"

"पालक, साहेब."

"ने वच्चे आ?"

मधोमध नथ घातलेली कानबाई होती.

"अध्यक्ष समजा," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत, पण फोटो काढूनही टाकला नाही. कॉम्प्युटरने काढलेल्या तारखा आता पाठवण्याआधी ते एकदा मला दाखवतात. बोरसे सरांना मेमो मिळाला, त्यांनी तो निमूट घेतला. आणि शाळेला पिवळा रंग आला. वाचनाने वर ओढलं, भागाकाराने खाली. वर्ग गरनाळ्यापलीकडे गेले नाहीत. पोरी अजूनही चालत, एकमेकींचे हात धरून, त्याच गल्लीतून शाळेत येतात.

महिन्याभराने बोरसे सरांचा फोन आला. मला वाटलं, आभार मानतील.

"मॅडम, तुम्ही फार वाईट केलंत," ते म्हणाले.

"काय झालं?"

"बाया यायला लागल्या. लेसची साडी हातात घेऊनच येतात, वर्गाबाहेर ओट्यावर बसतात. भागाकार कुठवर आला विचारतात. काल द्वारकाबाईंनी पोरांना माझ्यासमोर फळ्यापाशी उभं केलं, आणि पोरं चुकली की माझ्याकडेच बघत होत्या. मॅडम, पुढची तपासणी कधी आहे? तुम्हीच या. तुमची निदान वर्षातून एकदाच असते, यांची रोज."