राणीची पाठराखीण

ऐतिहासिक सिनेमांतल्या राण्यांवर माझा राग आहे. कोणी म्हणेल, त्यांनी तुझं काय घोडं मारलं? तर सांगते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारामतीला डी.एड. करत होते आणि जळोचीत खोली घेऊन राहत होते. खोलीतली दुसरी मुलगी अंथुर्ण्याच्या मोठ्या बागायतदाराची. मी शेळगावची, बौद्ध घरातली. पहिलं वर्ष आम्ही एका स्टोव्हवर चहा केला, दुसऱ्या वर्षी एका अंथरुणात झोपायला लागलो. आमचं प्रेम होतं. हा शब्द तेव्हा आम्ही एकमेकींपाशीही काढला नाही, म्हणून आता स्पष्टच लिहिते.

तिच्या भावाच्या साखरपुड्याला घरी व्हिडिओ आणला होता. भाड्याचा रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी. जेवणं उरकल्यावर दुपारी बायकांसाठी एका राणीचा सिनेमा लावला. राजा मोहिमेवर, आणि राणी माहेराहून आणलेल्या दासीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. विडा खायचा तर तिच्याच हातचा. एकदा राणीने दासीच्या ओठावरचा विड्याचा रंग बोटाने पुसला आणि ते बोट आपल्या ओठाला लावलं. मला वाटलं, आता सगळ्या बायका मागे वळून आमच्याकडे बघणार. कोणी वळलं नाही. तिची चुलती सुपारी कातरत म्हणाली, "राणी हाय ती. तिला कोण इचारणार?"

हे वाक्य माझ्या मैत्रिणीने फारच मनावर घेतलं. परतताना एसटीत ती मला समजावत राहिली, की त्या दोघींचं निभलं कारण दासीला कोणी खिजगणतीतच धरत नव्हतं. मी विचारलं, शेवटी राणीच्या वाट्याचं विष दासी प्यायली, त्याचं काय? तेवढं सिनेमात दाखवावं लागतं, म्हणाली.

परीक्षा संपली आणि उन्हाळ्यात तिचं इंदापुरात लग्न ठरलं. नवरीबरोबर पहिल्या खेपेला पाठराखीण जाते, घरातली एखादी मावशी नाहीतर आत्या. हिने हट्ट धरला, की पाठराखीण म्हणून मैत्रीणच येईल. मला म्हणाली, "तू फकस्त चल. सासऱ्याचा वशिला हाय, तितल्याच शाळंत लावते तुला. मग कोण काय म्हणतंय?" मी तिला तिथेच वेड्यात काढायला हवं होतं. मी बॅग भरली. माझ्या आईने तिची ठेवणीतली साडी मला नेसायला दिली. माझी जात सासरी कोणाला सांगायची नाही असं तिने आणि तिच्या आईने परस्पर ठरवलं होतं, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बायका जमल्या. पाठराखिणीची चौकशी सुरू झाली. शिक्षण कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी सरळ आडनाव विचारलं. मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "आत्या तापानं पडली, म्हणून आईनं हिला धाडली. आमच्याकडं कामाला हाय ती."

सासूबाई हसल्या. कामाच्या बाईला आडनाव लागत नाही. मला ओसरीवरून उठवून परसात नेलं आणि लग्नाच्या पातेल्यांचा ढीग दाखवला. छप्पन्न साली आमच्या घराने धर्म बदलला तेव्हा आजीने लोकांच्या दारातली कामं सोडली होती. आईने मला शिकवलं ते कोणाच्या परसात उकिडवं बसायला लागू नये म्हणून. आणि मी तिचीच साडी खोचून राख हातात घेतली.

दिवसभर तिची वाट पाहिली. संध्याकाळच्या आत ती एकदाच आली, एकटी. हळूच म्हणाली, "बघ, कुणाला संशयसुदिक आला न्हाय." तिच्या तोंडावर आनंद होता, अगदी खरा. नुसती फसवणूक असती तर मी कधीच माफ करून टाकलं असतं. तो आनंद मला आजही सहन होत नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. पाठराखिणीला साडी देऊन पाठवायची रीत आहे. सासूबाईंनी एक वापरलेली साडी काढून सुनेच्या हातात दिली, हिला दे म्हणाल्या. तेवढ्यात नणंदेने मला निरखून विचारलं, "बोलण्यावरनं तर शिकल्याली वाटतीस. खरंच कामाला हाईस व्हय गं?"

माझ्या मैत्रिणीचा चेहरा पांढराफटक पडला. मी मास्तरीण होणार आहे, एवढंच म्हटलं असतं तरी पुढचा प्रश्न आला असता, मग हितं कशाला आलीस? त्याचं खरं उत्तर दिलं असतं तर तिला त्या घरात जगणं मुश्कील झालं असतं.

"व्हय," मी म्हटलं. "ल्हानपणापासनं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मग ती साडी माझ्या ओंजळीत टाकली, जरा वरूनच, हाताला हात लागू न देता.