चकचकीत पाइप

माझा दादा गॅसच्या पाइपलाइनवर साइट इन्चार्ज आहे. त्याचा सिद्धांत एकच: जे चकाकतं ते चांगलं. बूट, गाडी, टक्कल, सगळं आरशासारखं. लग्नासाठी मुली पाहिल्या तेव्हा त्याने स्वयंपाकाचं विचारलंच नाही, पातेल्यांची बुडं पाहिली. वहिनी पास झाली. बिचारी अजून घासतेय.

माझी मुलगी इंजिनियर होऊन त्याच्याच हाताखाली लागली. "मामा आहे ना, मग काळजी कसली?" सगळे म्हणाले. मामा आहे हीच तर काळजी!

तिचं काम पाइपवरच्या चिरा शोधण्याचं. जमिनीखाली पाइपचं वेष्टण सुटलं की खाली ओल शिरते. आतून गॅसचा दाब ताणत असतोच. नुसती ओल किंवा नुसता ताण पाइप सोसतो. पण दोन्ही वर्षानुवर्षं एकत्र नांदले की केसासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस पाइप फाटतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

गेल्या आठवड्यात दाब उतरवून एका जागी खड्डा खणला. मोठे साहेब पाहायला येणार, म्हणून दादाने उघडा पाइप ग्राइंडरने घासून लखलखीत करून ठेवला. मुलीने त्यावर पांढरा रंग मारला, चुंबक लावलं आणि लोखंडाच्या काळ्या कणांचं पाणी सोडलं. चीर असेल तिथे ते कण रेघ धरतात. एकही रेघ उमटली नाही.

"बघ, स्वच्छ! दाखला दे, उद्या दाब चढवतो."

"मामा, घासताना धातू चिरांवर सारवला गेलाय. अशाने काय दिसणार?"

"म्हणजे स्वच्छता हा गुन्हा? चार बुकं शिकलीस म्हणून मामाला अक्कल शिकवतेस?"

तिने सही केली नाही. दादा तडक माझ्या स्वयंपाकघरात. "पोरीला समजव. साहेबांपुढे माझं नाक कापतेय."

"दाब चढवताना खड्ड्यात कोण असेल?"

"तीच. देखरेख तिचीच ना!"

"आणि तू?"

"मी ऑफिसात. साहेबांजवळ कोणी नको का?"

"मग तूच सही कर आणि खड्ड्यात तूच बस. साहेबांना चहा ती देईल."

दादा पुटपुटला, "बरं, एकदा तपासू दे तिला."

दुसऱ्या दिवशी तिने वरचा सारवलेला थर हळूच उतरवला, चिरांची तोंडं मोकळी व्हायला सौम्य आम्लाचा हात फिरवला आणि पुन्हा तेच काळं पाणी सोडलं. मुंग्यांच्या रांगांसारख्या रेघाच रेघा!

दादा म्हणाला, "या तुझ्या आम्लाने पडल्या."

तिने शेजारचं वेष्टण सोललं आणि तिथेही काळं पाणी सोडलं. तिथे ना ग्राइंडर लागला होता ना आम्ल. तिथेही रेघा. दाब उतरलेलाच राहिला आणि तेवढा तुकडा कापून नवा जोडायचं ठरलं. मुलगी खड्ड्यातून वर आल्याचा फोन आला तेव्हा कुठे मी ताट वाढून घेतलं.

मोठ्या साहेबांना दादाने सांगितलं, "मला आधीपासून शंका होतीच." त्यांनी पाठ थोपटली.

वहिनीचा फोन आला, कौतुकाने. "अहो वन्सं, यांनीच चिरा शोधल्या म्हणे. खरं का?"

"खरं असेल वहिनी," मी म्हटलं. "लपवल्या त्यानेच, मग त्याला नाही तर कोणाला सापडणार?"