चार्जिंगची खोली

आसगावात टीव्ही मोजक्या घरी होते आणि विजेच्या लाईनीचा भरवसा नव्हता, तेव्हा भोजराजच्या पुढच्या खोलीत बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. आजूबाजूच्या गावांतून लोक सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून आणायचे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचे दिवस आले की लाउडस्पीकर लावणाऱ्या भोंगेवाल्यांच्या बॅटऱ्यांनी ओसरीसुद्धा भरायची. भोजराज पवनीला गेला की त्याची बायको जनाबाई झाकणं उघडून पाणी भरायची. पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले आणि खोली रिकामी झाली.

आता त्या खोलीत सून रिताची शिलाई मशीन होती. लाईन गेली की काम अडायचं, म्हणून छतावर सोलर लागलं. राहिली बॅटरी. रिताचं म्हणणं लिथियमची घ्यावी. महाग असली तरी पाणी घालायला नको, टिकतेही जास्त. भोजराजने ॲसिडवाल्या बॅटरीचाच हट्ट धरला. तिची नाडी त्याला कळत होती. बिघडली तर आपण उघडून पाहू, त्या बंद डब्याचं काय पाहणार, असं तो म्हणे. खरं तर ती खोली पुन्हा पहिल्यासारखी व्हावी, असं त्याला आतून वाटत होतं.

जेवताना तो जनाबाईला म्हणाला, "पाणी भराचं तर तुले येतेच."

ती भात वाढता वाढता थांबली. "येते. पण मले तो वास नाही सोसत. तवाबी नव्हता सोसत."

"मंग तवा काहून नाही बोलली?"

"घर चालून राहिलं होतं त्याच्यावर. काय बोलू?"

ॲसिडने भोकं पडलेली तिची लुगडी भोजराजने कितीदा पाहिली होती; त्यावर दोघं हसलेही होते. त्या वासाबद्दल मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साकोलीला जाऊन त्याने लिथियमची बॅटरी ठरवली. ती आली, भिंतीवर बसली. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा रिताची मशीन थांबली नाही. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून भोजराज रिताजवळ खुर्ची ओढून बसला आणि मंडईच्या दिवसांत इथे कशी रांग लागायची ते सांगू लागला. जनाबाई दारात तांदूळ निवडत होती. कोणत्या गावचे भोंगेवाले भांडले, हे सांगताना तो चुकला की ती मान वर न करता दुरुस्त करी.