निळ्या बंदरांची सालवारी

एल्डन स्कूग धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायचा. मक्याने भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहून द्यायचं, उतरला की मांडीवरचं पुस्तक पुन्हा उघडायचं. मिनेसोटाच्या त्या सपाट मुलखात नजरेला अडवायला काही नसतं. मका, त्यापुढे मका, आणि वर थोराड, रिकामं आभाळ. अशा ठिकाणी राहणारा माणूस कशाच्या तरी नादी लागतोच. कुणी चर्चच्या, कुणी दारूच्या. एल्डन लागला लायल हॅस्ब्रुकच्या निळ्या बंदरांच्या नादी.

हॅस्ब्रुकने उभी हयात एकाच विश्वाच्या गोष्टी लिहिल्या. ताऱ्यांमधली बंदरं, त्यांच्यातलं मिठाचं युद्ध, जहाजं, कप्तान, त्यांची पोरंबाळं. पण लिहिल्या त्या मनाला येईल तशा. आधी म्हाताऱ्याचं मरण, मग नातवाचं लग्न, आणि बऱ्याच वर्षांनी कधीतरी म्हाताऱ्याचं बालपण. कुठली गोष्ट आधीची, कुठली नंतरची, हे बघायच्या फंदात तो पडला नाही. ते एल्डनने बघितलं. एका गोष्टीत बंदरावरचा बर्फ पातळ, दुसऱ्या गोष्टीत जाड. एकीत कप्तानाच्या दाढीत एक पांढरा केस, दुसरीत दाढी पांढरीशुभ्र. असल्या खुणा धरून तो गोष्टीला साल लावायचा. प्रत्येक गोष्टीचा एक कागद, आणि ते कागद स्वयंपाकघरातल्या तारेवर चिमट्यांनी ओळीने टांगलेले. आई होती तोवर त्या तारेवर टॉवेल वाळत. आई गेल्यावर तिथे काळ वाळत पडला. नवी गोष्ट आली की ओळ सरकवायची, चिमटे काढायचे, लावायचे. त्यात त्याची जवानी सरली, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग एकदा त्याने ती सगळी ओळ नकलून हॅस्ब्रुकला पाठवली, आणि हॅस्ब्रुकचं उत्तराचं कार्ड आलं. पुढच्या पुस्तकाच्या शेवटी तुमची सालवारी छापू, तुमच्या नावानिशी. त्या दिवसापासून एल्डनला दुसरं काही नको होतं. ते पान छापून यावं, बस.

त्या दिवसापासून तो माणसांनाही सोडेनासा झाला. गावच्या वाचनालयाच्या तळघरात हॅस्ब्रुकच्या वाचकांचं मंडळ भरायचं. तिथे ऑटिली ब्रॅन्डव्होल्ड नावाची विधवा बाई यायची. तिने अख्खा हिवाळा खपून एक गोधडी शिवली. एकेका चौकोनात एकेक गोष्ट, ओळीने. एल्डनने गोधडीची शिवण बोटांत धरून पाहिली.

"मिठाचं युद्ध बंदरं वसायच्या आधी घेतलंत. उसवा."

"हिवाळा गेला रे माझा यात."

"तुमचा हिवाळा गेला म्हणून युद्ध मागे सरकत नाही, ऑटिली."

ती तिथेच बसून उसवू लागली. बाकीचे बटाट्याचं कालवण खात होते. कुणी मान वर केली नाही.

त्याच वर्षी मिनिआपोलिसच्या हॉटेलात वाचकांचा मेळा भरला. हॅस्ब्रुक मंचावर बसला होता. त्याची बायको त्या वसंतात गेली होती. त्याच्या हातात पेला होता. एल्डन उभा राहिला.

"कप्तान ब्रेकाची मुलगी आईच्या जन्माआधी जहाज चालवते. हे कसं काय?"

सभागृह हसलं.

"विसरलो असेन, मिस्टर स्कूग," हॅस्ब्रुक म्हणाला.

"दोन गोष्टींत विसरलात."

यावर लोक आणखी जोरात हसले. हॅस्ब्रुकने पेला खाली ठेवला आणि खिशातून पेन काढलं. "तुमचं नाव कसं लिहितात हो? एकेक अक्षर सांगा."

लोक खुर्च्यांतून पुढे झुकले. लेखकाने वाचकाचं नाव आपल्या पात्राला द्यायचं, हा त्या लोकांतला मोठ्यात मोठा मान. एल्डनने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि ते लिहिताना चुकत नाही ना, हेही मंचाशी जाऊन वाकून बघितलं.

वर्षभर तो कोठारावर येईल त्याला सांगत राहिला. "पुस्तकात नाव येतंय माझं. आणि शेवटी सालवारी." शेतकरी म्हणत, बरं झालं, आणि वजनाची चिठ्ठी मागत.

पुस्तक पहिल्यांदा ऑटिलीच्या हाती आलं. मंडळात तिने ते एल्डनपुढे धरलं. "वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

एल्डनने आधी शेवट उघडला. तिथे सालवारी नव्हती. पुढच्या पुस्तकाची जाहिरात होती. त्याने पुन्हा उलटून पाहिलं.

"ते नंतर," ऑटिली म्हणाली. "जिथे खूण घातलीय, ते वाच."

तो वाचू लागला. सगळ्या बंदरांचे जन्म-मृत्यू, लढाया, लग्नं यांची सालं एकच कारकून टिपून ठेवायचा. नाव एल्डन स्कूग. त्याच्या कोठडीतलं घड्याळ तो कामाला लागायच्या आधीच बंद पडलं होतं, आणि हे त्याच्या जन्मात ध्यानात आलं नाही. त्याने लिहिलेलं एकही साल खरं नव्हतं. लोकांना ठाऊक होतं. दया म्हणून कुणी बोललं नाही.

पहिला हसला मर्ल न्हावी, मंडळाचा अध्यक्ष.

"थांबू नकोस," ऑटिली म्हणाली. "पुढचं पान झकास आहे."

पुढच्या पानावर कारकून मेला. इतर केराबरोबर त्याला भट्टीत लोटलं.

"म्हणजे हॅस्ब्रुकचं सगळं बरोबरच होतं की," मर्ल डोळे पुसत म्हणाला. "घोळ तुझा होता, लेका."

"तो मी नाही. नुसतं नाव आहे."

"नाव तूच दिलंस ना? एकेक अक्षर करून?"

ऑटिली हसली नव्हती. तिने पुस्तक त्याच्या हातून घेतलं, खुणेचा कागद काढून ठेवला आणि विचारलं, "तारेवरचं सगळं उसवायला किती दिवस लागतील रे?"

पण एल्डनने तार उतरवली नाही. पुस्तकात छापलंय ते खरं धरायचं, हाच त्याचा जन्माचा नेम होता, आणि या पुस्तकाला तो लागू नाही असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? सालं खोटी तर खोटी. क्रम तर लावता येईल. त्याने नव्या गोष्टीचा कागद केला आणि तारेखाली उभा राहिला. तो कुठे टांगावा, कळेना. कारकून कधी मेला, याची गोष्टीत एकही खूण नव्हती. बर्फ नव्हता, दाढी नव्हती, कुणाचं वय नव्हतं.

शरदात मेळा भरला तेव्हा तो हॅस्ब्रुकच्या सहीच्या रांगेत उभा राहिला. त्याला पाहून हॅस्ब्रुकने खुर्ची जराशी मागे घेतली. मारेल, रडेल, काहीतरी करेल, असं त्याला वाटलं असावं. रांगेतले लोकही माना उंच करून बघत होते.

एल्डनने पुस्तक उघडून पुढे ठेवलं. "हा स्कूग," तो म्हणाला, "युद्धाच्या आधी मेला की नंतर?"

हॅस्ब्रुकने त्या पानावर नजर टाकली. मग त्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"मी त्याचा विचार केला नाही."

"तरी, अंदाजाने?"

"त्याच्या मरणाने काही अडत नाही, मिस्टर स्कूग. म्हणून नाही केला."

त्याने सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, पुस्तक मिटून एल्डनच्या हातात दिलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "पुढे कोण आहे?"