काचेवरचं तेल

काचेला माझंच बोट लागलं होतं. काल मानवतला झेरॉक्सच्या दुकानात यंत्रातून ओझोनचा तिखट वास आला आणि तसाच वास सोडणारा परभणीच्या प्रयोगशाळेतला अतिनील दिवा आठवला. अवकाशात सापडणारे रेणू त्या प्रकाशाने कसे तुटतात, हे माझ्यासोबतची एक मुलगी मोजत होती. मी भजे खाऊन तशाच तेलकट बोटांनी दिव्यासमोरची काच बसवली. तेलाचेही रेणू तुटून मोजमापात मिसळले आणि तिची सगळी मोजमापं वाया गेली. काच पाहून सर तिच्यावर कडाडले, “इथं भजे तळायलीस का?” ती म्हणाली, “हातमोज्याशिवाय मी शिवत बी न्हाई, सर.” मी शेजारी गप्प उभा होतो. तिची प्रयोगशाळेतली जागा गेली. काल त्या दुकानातूनच तिला फोन लावून सगळं सांगितलं. “आत्ता कशाला सांगायलास, दादा?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “बोट चुकून लागलं, पण गप्प मी मुद्दाम बसलो. मला माफ कर.”